फोडीतली फेणी

मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, आमच्या फोंड्याच्या घरी मोठ्या माणसांची एक संध्याकाळ होते. मुलं आजोळी गेलेली असतात, अंगणात खुर्च्या मांडलेल्या असतात आणि टेबलावर फेणीत मुरवलेल्या फळांची बरणी असते. येणारे त्या बरणीची वाट पाहतात. मीही पाहते. यंदा मात्र ती भरायला घेताना एक प्रश्न मनातून हलेना. मी समोरच्याला जे खायला देते आहे, ते त्याला पुरतं कळलेलं असतं का? आणि कळलेलं नसेल, तर ते तसंच राहावं अशी माझीच कुठेतरी इच्छा आहे का?

दुसरा प्रश्न जास्त बोचतो. पण त्याच्याकडे जाण्याआधी बरणीत काय घडतं ते सांगायला हवं, कारण सगळा पेच तिथूनच सुरू होतो.

अननस आदल्या दिवशी चिरायचा. फार पिकलेला नको. बुडाशी वास सुटलेला पण बोटाने दाबल्यावर कडक लागणारा हवा. साल जाड काढली तर गर वाया जातो, पातळ काढली तर डोळे राहतात. म्हणून डोळ्यांच्या तिरप्या ओळी धरून सुरीने खाचा पाडत जायचं. मधला दांडा काढून इंचभराच्या फोडी करायच्या, काचेच्या बरणीत भरायच्या आणि त्या बुडतील इतकी फेणी ओतायची. झाकण लावून बरणी फ्रिजमध्ये. पहिल्या तासात काहीच घडत नाही असं वाटतं. रात्री पाहावं तर नितळ फेणी पिवळसर झालेली असते. सकाळी फोडींच्या कडा अर्धपारदर्शक दिसतात, आणि चमच्याने एक फोड वर काढली तर ती आधीपेक्षा जड वाटते. तीव्र मद्यात फळाच्या पेशींची आवरणं तग धरत नाहीत. आतला गोड रस बाहेर येतो, मद्य आत शिरतं, आणि फोड आणि फेणी सारखी होत येईपर्यंत ही देवाणघेवाण चालू राहते.

द्राक्षांना असं चालत नाही. त्यांची साल मद्याला अडवते, म्हणून एकेक द्राक्ष टूथपिकने टोचावं लागतं. मानकुराद आंबा मी फेणीत कधीच घालत नाही. वर्षातले काही आठवडे येणारं ते फळ नुसतं खावं, या मतावर मी ठाम आहे. कलिंगडाला मी फेणी लावत नाही. अमेरिकेत अख्ख्या कलिंगडाला भोक पाडून त्यात व्होडकाची बाटली उलटी खोचून ठेवण्याची पद्धत आहे. त्यात मद्य भोकाच्या आसपास साचतं आणि लांबच्या गराला जेमतेम लागतं. कापल्यावर सगळ्या फोडी दिसतात सारख्याच, पण एकाच्या वाट्याला नुसतं फळ येतं आणि दुसऱ्याच्या वाट्याला भलताच डोस. शिवाय आमच्याकडे कलिंगड मुलांचं फळ आहे. पर्रे गावची कलिंगडं प्रसिद्ध. मनोहर पर्रीकर आपल्या लहानपणची आठवण सांगत, की हंगामाच्या शेवटी शेतकरी मुलांना सगळ्यात मोठी कलिंगडं हवी तितकी खाऊ द्यायचे. अट एकच, बिया चावायच्या नाहीत, कारण पुढच्या वर्षाचं बियाणं त्या उत्तम फळांतून धरायचं असे. ती गोष्ट ऐकलेल्या माणसाला कलिंगडात दारू ओतताना हात थोडा आखडतोच. मला तरी आखडतो.

तर अननस आणि फेणी. फेणीला एक उग्र दर्प असतो. ज्याला सवय नाही तो पहिल्या घोटाला नाक मुरडतो आणि पुढचा घोट मोजून घेतो. तो दर्प म्हणजे एका परीने फेणीचा प्रामाणिकपणा आहे; मी काय आहे हे ती जिभेला लागण्याआधी नाकाला सांगते. अननस तो दर्प झाकतो. माझ्या बरणीची सगळ्यात जास्त वाखाणणी होते ती याच शब्दांत: ‘अगं, फेणी लागतच नाही!’ ही दाद ऐकून मी सुखावत आले आहे. यंदा त्याच वाक्यापाशी मी अडले.

कारण लागली नाही तरी ती असतेच. गणित मांडून पाहिलं. बाटलीतली फेणी साधारण ४२.८ टक्के मद्यार्काची. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३२१ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क, म्हणजे वजनाने अडीचशे ग्रॅमच्या वर. तीस मिलिलिटरच्या एका छोट्या पेगात दहा ग्रॅम धरले, तर बाटलीत असे पंचवीस पेग झाले. आता ती बाटली किलोभर अननसावर रिकामी केली. अननसात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे पुरतं मुरल्यावर फोडीतला आणि भोवतालचा रस मिळून वीस टक्क्यांच्या आसपास येतो. इंचभराची एक फोड पंधरा ग्रॅमची धरली तर तीत दोन ग्रॅम मद्यार्क. पाच फोडी खाल्ल्या की एक पेग झाला. बरणी बंद असते, त्यामुळे त्यातलं काही उडून जात नाही, आणि फ्रिजमध्ये ठेवल्याने काही कमी होत नाही. गप्पांच्या ओघात पाच फोडी किती वेळात संपतात हे मी पाहिलेलं आहे. मद्याचा अंमल पुरता चढायला अर्धा तास ते तासभर लागतो, पोटात अन्न असेल तर अधिकच. अंमल जाणवेपर्यंत माणूस वाटीभर फोडी संपवून दुसरी वाटी भरून घेतो.

पेल्यातल्या दारूचं असं होत नाही. पेला घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे दिसतं. तो ‘अर्धाच’ म्हणू शकतो, पाणी वाढवून घेऊ शकतो, तासभर तोच पेला हातात धरून बसू शकतो. नको असेल तर नको म्हणायला आता आपल्याकडेही बऱ्यापैकी मोकळीक आली आहे. पण फोडीला नको कसं म्हणायचं? आणि आमच्या घरांत आग्रह नावाची एक गोष्ट आहे. पंक्तीत वाढणाऱ्याने पानावर आडवा हात आला तरी एक जिलबी सोडायचीच, हे आम्ही प्रेमाचं लक्षण मानतो, आणि अन्नाच्या बाबतीत ते आहेही. पेग भरताना मी कुणाला आग्रह करत नाही. ते असभ्य आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. बरणीपाशी मात्र ‘माझ्या हातची एक तरी घ्या’ हे वाक्य जिभेवर तयार असतं. दारू फळात गेली की तिला अन्नाचा मान मिळतो, आणि त्या मानाबरोबर आग्रहाचा हक्कही मी हातात घेते. पेग ठामपणे नाकारणारा माणूस यजमानीण नाराज होऊ नये म्हणून फोड उचलतो. त्याचा नकार मी मोडलेला असतो, आणि दोघांपैकी कुणालाच तसं वाटत नाही.

हे सगळ्यांच्या बाबतीत सारखं गंभीर नाही. चार फोडी जास्त झाल्या म्हणून बहुतेकांचं काही बिघडत नाही. डोकं जड होतं, सकाळी उशिरा जाग येते. पण आमच्या अंगणात बसलेली माणसं मी डोळ्यांसमोर आणते तेव्हा त्यांतली काही वेगळी उठून दिसतात. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणारा माणूस: मद्य यकृताला साखर तयार करू देत नाही, आणि त्याची साखर रात्री उशिरा, झोपेत, धोकादायकरीत्या उतरू शकते. फळ गोड आहे म्हणून तो साखर वाढण्याची काळजी करत असतो, धोका उलट बाजूने येतो. झोपेची गोळी घेऊन निजणारी एखादी वयस्कर बाई. नुकतीच दिवस गेलेली, आणि अजून कुणाला न सांगितलेली मुलगी. पेला ती ‘आज ॲसिडिटी आहे’ म्हणून टाळेल, पण फळ टाळलं तर सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळतील. आणि रात्री स्कूटर घेऊन घाटाच्या रस्त्याने घरी जाणारा. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम मद्यार्काची आहे. रक्त तपासताना ते पेगाने आलं की अननसाने, हे कुणी विचारत नाही. वळणावर समोरून येणाऱ्या ट्रकच्या लेखी तर हा प्रश्नच नसतो.

सगळ्यांत जास्त मी थांबते ती ज्याने दारू सोडली आहे त्याच्यापाशी. १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हापासून व्यसनातून बाहेर येणाऱ्या माणसांविषयी मराठी घरांत थोडं तरी उघडपणे बोललं जाऊ लागलं. अशा माणसाला पहिला पेग टाळायला शिकवतात, कारण त्याच्यासाठी दुसरा पेग ही निवड उरत नाही. तो कुणालाही न सांगता, वर्षानुवर्षं, रोज सकाळी नव्याने ठरवत जगत असतो. त्याने माझ्या विश्वासावर उचललेल्या फोडीत फेणी निघाली तर मी त्याच्याकडून काय काढून घेतलं, याचा हिशेब कुठल्या गणितात बसत नाही. त्याने मला आधी सांगायला हवं होतं असं म्हणणं सोपं आहे. पण माझ्या दारात आलेल्या माणसाने स्वतःच्या आयुष्यातली सर्वांत अवघड गोष्ट उघड करावी, तरच तो माझ्याकडे सुखरूप राहील, ही कसली यजमानी?

आता तो बोचरा प्रश्न. फळांत का? फेणी आहे, पेले आहेत, बर्फ आहे. हंगामात हुर्राक मिळतो. पंधरा टक्क्यांच्या आसपासचा, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून घेतात तो. त्याहून उन्हाळ्याला साजेसं काय असणार? मग मी फळांच्या मागे का लागते?

चव हे खरं उत्तर आहे, पण अर्धंच. आमच्या घरात फेणीची बाटली नेहमी होती. ती लोणच्याच्या बरण्यांमागे असे. सर्दीत चमचाभर गरम पाण्यातून, पावसाळ्यात छातीला आणि गुडघ्यांना चोळायला. तिला औषध म्हणत. टेबलावर ती कधी आली नाही. गावात नाक्यानाक्यावर बार असले तरी आमच्यासारख्या घरांत दारू दुसरं काहीतरी होऊनच आत येत असे. मी घर मांडल्यावर पहिल्यांदा पाहुण्यांसमोर उघडपणे बाटली ठेवली तेव्हा माझी नजर आपसूक देवघराच्या दाराकडे गेली होती. बरणी ठेवताना तशी जात नाही. बरणीत मी चिरलेलं फळ असतं, माझी मेहनत असते, ती पाककृती असते. तिच्याविषयी मोठ्या आवाजात बोलता येतं. फळाने पाहुण्यांपासून फेणीचा दर्प झाकला, आणि माझ्यापासून माझा संकोच. मनाच्या तळाशी दारूविषयी जे अवघडलेपण आहे, ते नीट सोडवण्याऐवजी मी त्यावर अननस पसरत आले. हे मला स्वतःशी कबूल केलं पाहिजे.

आणि याला आमच्या भूमीचाच दुसरा दाखला आहे, जो मला जास्त सरळ वाटतो. गोव्यात गावाच्या वेशीवर राखणदाराला, देवचाराला रोट देतात आणि सोरो, म्हणजे दारू, देतात. तो उघडा ओततात, लपवत नाहीत. ज्याला द्यायचं त्याला, ठरल्या जागी, नाव घेऊन. देवघरातल्या नैवेद्यात तो जात नाही आणि राखणदाराच्या वाट्यातून तो गाळतही नाहीत. कुणाला काय द्यायचं याची इतकी स्वच्छ जाण ज्यांच्यापाशी होती, त्यांच्यातलीच मी आहे.

फेणी बनवणाऱ्यांविषयीही मला काही वाटतं. काजूचे बोंडू झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपोआप गळलेले वेचतात. वेचून, बी पिळून काढून, ते तुडवून रस काढायचा, तो आपला आपण आंबू द्यायचा, मग भाणात घालून खाली चुलाण पेटवायचं. पहिल्या धारेचा हुर्राक, तो पुन्हा रसाबरोबर उकळून फेणी. भर मार्च-एप्रिलच्या उन्हात आगीसमोर बसून केलेलं काम आहे हे. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्या उग्र दर्पासकट मिळालं. तिची ओळखच पुसून टाकणं हे माझ्या कौशल्याचं मोजमाप मी का मानावं, असंही आता वाटतं. ज्याला फेणी आवडत नाही त्याने ती न प्यावी. आवडेल अशा वेषात ती त्याच्या पोटात घालण्याचं काम माझ्याकडे कुणी दिलेलं नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना मी त्या दिवसाची फळं चिरायला सांगत नाही. त्यांच्या घरी दारूने काय केलं आहे ते मला माहीत आहे. इथे ते लिहिण्याचा मला अधिकार नाही. मात्र फळं मी चिरली तरी दुसऱ्या दिवशी भांडी त्याच घासतात आणि बरणीच्या तळाशी उरलेल्या फोडी त्यांना दिसतात. एरवी घरात काही चांगलं उरलं की मी डब्यात भरून त्यांच्या मुलांसाठी देते. हे एकच उरलेलं असं आहे की जे देता येत नाही, गाईला घालता येत नाही आणि फेकताना पाहिलं जाऊ नये असं वाटतं. जे खाणं मी माझ्या पाहुण्यांना कौतुकाने वाढते आणि माझ्याच घरात राबणाऱ्या बाईपासून लपवते, त्याविषयी माझं मन कुठेतरी साशंक असणारच.

महाराष्ट्रात बायका गावोगाव आडव्या बाटलीवर शिक्का मारत आल्या आहेत. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी तसं मत दिलं की गावातलं दारूचं दुकान बंद होतं. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. त्या बायकांची दारू आणि माझ्या अंगणातली दारू वेगळी, असं मी बरीच वर्षं मानलं. परिस्थिती वेगळी आहे हे खरंच. माझ्याकडे कुणी मार खात नाही, कुणाच्या पगाराचा घास जात नाही. पण बरणीतला मद्यार्क तोच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं की मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ते कधीचंच आहे. हे वाचूनही मी फेणी घेते. माझ्यापुरता तो धोका मी समजून पत्करला आहे. दुसऱ्याच्या वतीने, त्याला न सांगता, तो पत्करायचा अधिकार मला नाही. एवढी एक रेघ मला आता ठळक दिसते.

बरणी बंद करून टाकावी असंही मनात आलं. सगळ्यात सोपं तेच होतं. पण प्रौढ माणसांनी उन्हाळ्याच्या संध्याकाळी समजून-उमजून चार फोडी खाव्यात यात मला पाप दिसत नाही, आणि न दिसणारं पाप दिसतं असं म्हणणंही खोटंच ठरेल. म्हणून बरणी राहील, पण तिची मांडणी बदलली आहे. ती वेगळ्या टेबलावर, पेल्यांच्या आणि बाटलीच्या शेजारी असेल. जेवणाच्या टेबलावर येणार नाही. ज्या बाटलीतली फेणी आत गेली, ती रिकामी बाटली तिथेच उभी असेल. बरणीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल: फेणी आहे, पाच फोडी म्हणजे एक पेग. साधा, बर्फात गार केलेला अननस तितकाच, किंबहुना जास्त, आणि दिसायला अधिक देखणा मांडलेला असेल, म्हणजे तो घेणाऱ्याला आपण काही कमी घेतलं असं वाटणार नाही. बरणीतून कुणाला मी स्वतः वाढणार नाही. ज्याला हवं तो उठून घेईल. आग्रह करायचाच झाला तर तो सोलकढीचा करीन. गाडी चालवणाऱ्यांना परत पोचवण्याची व्यवस्था आधी लावीन, आणि मुलं घरात असतील त्या दिवशी बरणी भरणारच नाही. उरलेलं माझ्या हाताने, सगळ्यांसमोर, मोरीत ओतीन.

यंदा ‘फेणी लागतच नाही’ असं कुणी म्हणालं, तर मी त्यांना तिथेच सांगणार आहे की आतापर्यंत किती पेग झाले.

तुम्ही अशी फळं घरी करत असाल तर माझी एवढीच विनंती आहे. पाहुणा दारात आला की पाणी देतानाच त्याला सांगा, कुठल्या भांड्यात दारू आहे आणि कुठल्यात नाही. तो काही घेणार नाही म्हणाला तर कारण विचारू नका.